न्यायाची भाषा आणि रोजचे हसू

विनोद आणि सामाजिक न्याय यांचे एकमेकांशी जमत नाही, अशी समजूत अलीकडे दोन्ही बाजूंनी रूढ होत चालली आहे. एका बाजूची तक्रार अशी, की आता तोंड उघडायची सोय राहिलेली नाही; म्हण वापरली तर कोणाच्या तरी भावना दुखावतात, थट्टा केली तर खुलासा द्यावा लागतो, आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेला शब्द आज अपमानकारक ठरलेला असतो. दुसऱ्या बाजूची तक्रार अशी, की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हसण्यावारी नेले गेले, त्यांच्याकडूनच पुन्हा खिलाडूपणाची अपेक्षा केली जाते. जखम त्यांची आणि सहनशीलतेचे पाठही त्यांनाच. पहिल्या तक्रारीत थोडे तथ्य आहे, दुसरीत पुष्कळ आहे. परंतु न्यायाची भाषा नेहमी गंभीर असते आणि विनोद हा तिचा शत्रू असतो, असे दोघेही मानून चालतात. महाराष्ट्राचा अनुभव याच्या उलट आहे. येथे समतेचा विचार बोलू लागला तो बऱ्याच अंशी हसत हसत. आणि वरून आलेला एखादा सन्मानाचा शब्द पोकळ निघाला, तेव्हा तो वाजवून पाहण्याचे कामही अनेकदा विनोदानेच केले.

विदूषकाचे स्थान

जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापले जाऊन वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. नाटकाची गोष्ट साधी आहे. एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून जोशीबुवा तिला आणि तिच्या नवऱ्याला न पेलणाऱ्या खर्चात उतरवितात. एका पाद्र्याशी झालेल्या बोलण्यातून त्या नवराबायकोचे डोळे उघडतात. आणि शेवटी ती दोघे लिहिणे-वाचणे शिकण्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेची वाट धरतात. या साऱ्या प्रसंगांच्या मध्ये उभा राहून जो बोलतो, तो विदूषक आहे. पात्रांना जे बोलण्याचे धैर्य नाही, ते तो बोलतो. जोशीबुवांचा कावा तोच उघडा करतो आणि कुणब्याच्या भोळेपणावरही तोच बोट ठेवतो. संस्कृत नाटकात राजाच्या पंगतीला बसणारा हा खुशमस्कऱ्या फुल्यांनी शेतकऱ्याच्या बाजूला आणून बसविला. समतेच्या विचाराने मराठी रंगभूमीसाठी पहिल्यांदा लेखणी उचलली, तेव्हा सत्य सांगण्याचे काम विदूषकाकडे सोपविले, ही गोष्ट आजच्या वादात विसरली जाते.

पुढे १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त फुल्यांनी दशावतारांच्या कथा संवादाच्या रूपाने उलटसुलट करून तपासल्या. त्यातील धोंडिबाचे प्रश्न भाबडे वाटतात आणि म्हणूनच ते टाळता येत नाहीत. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तीही याच रीतीने. पती हा देव असेल तर त्याची वागणूक देवासारखी का नसते, आणि पतीच्या मागे स्त्रीने सर्व सुखे सोडायची असतील तर पत्नी वारल्यावर पुरुषानेही दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये, असे त्यांनी विचारले. या पुस्तकात संताप आहे. पण वाचकाच्या मनात राहतो तो त्यातील उपरोध. संताप ऐकून घेऊन विसरता येतो. असा प्रश्न मात्र उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडत नाही.

सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाची चौकट घेतली आणि तिच्यातील सोंगाड्याला भट आणि सावकार यांच्यासमोर उभे केले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्या श्रोत्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांना पाणवठ्याचा हक्क, मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडण्याची निकड आणि शाळेचे मोल हे विषय ढोलकीच्या तालावर आणि हशाच्या सोबतीने समजले. व्याख्यानाला न येणारा माणूस जलशाला येत असे. विनोद हे त्या चळवळीचे वाहन होते.

दुसरीकडे पांढरपेशा मराठी विनोदाचाही एक प्रामाणिक प्रवाह होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून शिमगा, श्रावणी, मुहूर्त आणि सोवळेओवळे यांची थट्टा केली, ती आपल्याच घरातील चालीरीतींची होती. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव हे मध्यमवर्गाने स्वतःकडे पाहून केलेले हसू आहे. या विनोदाने कोणाला खाली ढकलले नाही. त्याची मर्यादा एवढीच, की त्याच्या ओसरीवर बाकीचा महाराष्ट्र बहुधा मोलकरीण, गडी किंवा अशुद्ध बोलणारा खेडूत याच रूपाने आला. तो यायचा तो हसू पिकविण्यासाठी. स्वतः विनोद करण्यासाठी नव्हे.

हरीचे जन कोण?

वरून दिलेल्या सन्मानाचे काय होते, याचा धडा ‘हरिजन’ या शब्दाने दिला. १९३२ नंतर महात्मा गांधींनी तो शब्द प्रचारात आणला आणि १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ‘अस्पृश्य’ या शब्दातील घाण धुऊन काढावी, ही त्यांची तळमळ होती. तथापि, ज्यांना ते नाव द्यायचे त्यांना ते हवे आहे का, हे विचारायचे राहून गेले. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांसंबंधीच्या एका विधेयकाच्या निमित्ताने हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला. भाऊराव गायकवाड यांनी सभागृहाला विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा होता, की अस्पृश्य हे हरीचे जन असतील, तर स्पृश्य हे काय राक्षसाचे जन समजायचे? बहुमताने शब्द कायम राहिला आणि पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला.

या एका प्रश्नात विनोदाची सारी ताकद दिसते. ‘हरिजन’ या शब्दाविरुद्ध तासभर भाषण करता आले असते. त्यात दयाबुद्धी, आश्रितपणा आणि धर्मशास्त्र यांचे विवेचन करता आले असते. गायकवाडांनी शब्दाला त्याच्याच तर्काने थोडे पुढे ढकलले आणि तो आपल्या आपण कोसळला. केवळ एका समूहाला देवाची माणसे म्हणायचे म्हणजे त्यांना बाकीच्या माणसांतून वेगळे काढायचे, ही विसंगती त्या प्रश्नाने उघडी पडली. पुढची चव्वेचाळीस वर्षे शासनव्यवहारात तो शब्द चालत राहिला. १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर तो लिहू नये, अशा सूचना दिल्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही या शब्दाचा आजचा वापर अपमानकारक असल्याचे म्हटले. सभागृहात हरलेला प्रश्न अखेर जिंकला.

‘दलित’ या शब्दाचा प्रवास याहून वेगळा झाला. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली, तेव्हा तो शब्द कोणी देऊ केलेला नव्हता. तो घेतलेला होता. त्यात दया नव्हती, दळले जाण्याची जाणीव होती आणि दळणाऱ्यांकडे रोखलेले बोट होते. २०१८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरण्याविषयी सूचनापत्र पाठविले, तेव्हा अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांनी त्याला आक्षेप घेतला, तर काहींना तो शब्द नको होता. हा वाद त्या समाजाचा आपापसातला आहे आणि तो त्यांनी सोडवायचा आहे. बाहेरच्यांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की शब्दाचा मान त्याच्या व्युत्पत्तीत नसतो. तो कोण उच्चारतो आणि कोणासमोर उच्चारतो, यात असतो. ‘जोहार’ हा शब्दच पाहावा. महाराष्ट्रात ‘जोहार मायबाप’ हे महाराला वाकून करावे लागणारे वंदन होते, आणि स्वाभिमानाची जाग येताच त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली. झारखंडमधील आदिवासी मात्र तोच शब्द आज ताठ मानेने, अभिमानाने एकमेकांना म्हणतात. अक्षरे तीच, पाठीचा कणा वेगळा.

पाटी बदलली, पुढे काय?

सरकारला शब्द बदलणे आवडते, कारण त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. म्हणून प्रत्येक नवा शब्द फसवाच असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे यावीत, असे ठरले. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण ज्या भाषेत चांगल्याबरोबर वाईट असायचेच, या अर्थाने सहज वापरली जाते, त्या भाषेत हा बदल किरकोळ नाही. शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना मुलाला आपली जात जाहीर करावी लागत असेल, तर ती पाटी उतरविणे हेही न्यायाचेच काम आहे. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु पाटी बदलून काम संपत नाही. वस्तीचे नाव समतानगर झाले आणि स्मशानाची वाट वेगळीच राहिली, तर त्या नावाचा पहिला विनोद समतानगरातील रहिवासीच करील. आणि तो करण्याचा त्याला पूर्ण अधिकार राहील. ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दल हेच घडले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचविला आणि पुढच्या वर्षी केंद्रीय खात्याच्या नावात तो आला. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. अपंगांच्या काही संघटनांनी तेव्हाच म्हटले होते, की आमच्या शरीरात दैवी असे काही नाही. आम्हाला उतरंडीचा रस्ता, चढता येईल अशी बस आणि नोकरी हवी. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दिव्यांगांचा कक्ष असेल, तर तेथे पोहोचायला खरोखरच दिव्य शक्ती लागते, असे कुबड्या घेऊन जिन्याखाली उभा असलेला माणूस म्हणेल. हा विनोद कोणाचा अपमान करीत नाही. तो शब्दाकडे हिशेब मागतो. त्या मानाने २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अधिक बोलका आहे. त्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेले.

विधवांच्या बाबतीत तर शब्द आणि कृती यांचा सामना एकाच वर्षाच्या अंतराने पाहायला मिळाला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. हेरवाडने विधवेला कोणतेही नवे नाव दिले नाही. तिच्या हातातील बांगड्या हातात राहू दिल्या. एप्रिल २०२३ मध्ये मात्र राज्याच्या महिला व बालविकास खात्यात विधवा स्त्रियांच्या नावापुढे ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव चर्चेला आला. जुन्या पत्रिकांवरील ‘गं. भा.’ या अक्षरांना घरातली मंगलकार्ये कशी बंद होती, हे ज्यांनी पाहिले होते, त्यांना या शब्दातील पावित्र्याचा अर्थ नीट ठाऊक होता. टीका झाली आणि ती केवळ चर्चा होती, असा खुलासा करण्यात आला. विधुर पुरुषाच्या नावापुढे कोणती नदी लावणार, एवढे विचारले तरी त्या प्रस्तावाची परीक्षा होत होती. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न तो हाच.

सरकारचे जावई

येथपर्यंत ज्या विनोदाची बाजू घेतली, तो खालून वर जाणारा विनोद आहे. रोजच्या आयुष्यात मात्र दुसराच विनोद अधिक चालतो, आणि त्याचे क्षेत्र रंगभूमी नसून शाळेचा वर्ग, शिक्षकांची खोली, कचेरीतील चहाची वेळ आणि वसतिगृहाची गच्ची हे असते.

राखीव जागेवर आलेल्या माणसाला ‘सरकारचे जावई’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. बोलणारा ते हसत म्हणतो, ऐकणारे हसतात, आणि ज्याच्याविषयी ते बोलले जाते त्यालाही हसावे लागते. त्याने हसले नाही तर तो चिडका ठरतो, बोलला तर जातीचे भांडवल करणारा ठरतो, वर तक्रार केली तर सगळ्या खोलीचे वातावरण बिघडविणारा ठरतो. म्हणून तो हसतो. हे सक्तीचे हसू हा अन्यायाचा असा प्रकार आहे, की त्याचा पंचनामा होत नाही. या टोमण्यातील खरी गंमत वेगळीच आहे. जावई म्हणायचे, पण मुलगी द्यायची वेळ आली की पत्रिकेपासून पोटजातीपर्यंत सगळे आडवे येते. जातीचे बंधन खऱ्या अर्थाने तुटायचे तर आंतरजातीय विवाह हाच उपाय, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात मांडले होते. तो विचार ज्यांनी कधी घरात येऊ दिला नाही, त्यांनी जावयाची उपमा निवडावी, हा दैवदुर्विलासच होय.

शाळेत हेच काम ‘न’ आणि ‘ण’ करतात. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असे म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकाने वर्गात उभे करून तोच शब्द पुन्हा म्हणायला लावावा आणि वर्गाने हसावे, हा प्रकार मराठी शाळांत किती पिढ्या चालला! शुद्ध उच्चार शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, यात वाद नाही. प्रमाण भाषा आल्याशिवाय त्या मुलाला स्पर्धेत उभे राहता येणार नाही. परंतु तो उच्चार शिकविणे वेगळे आणि त्याच्या आईच्या बोलीवर वर्गाला हसविणे वेगळे. त्या हशानंतर मूल ‘ण’ शिकत नाही. गप्प बसायला शिकते. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारा विद्यार्थी बुद्धीने मंद नसतो, हे अनुभवी शिक्षक जाणतात.

असे हसणे उच्च शिक्षणात गेल्यावर थांबत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या विनियमांत, वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याच्यावर ‘राखीव’ असा शिक्का मारणे आणि जातीवरून हिणविणारे शेरे मारणे यांना भेदभाव ठरविले आहे. नियमांत हे लिहावे लागले, यावरूनच ते घडत होते हे उघड आहे. मे २०१९ मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली, तेव्हा तिला जातीवरून सतत टोमणे मारले जात होते, अशी तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. त्या प्रकरणी दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु टोमणा म्हणजे फक्त शब्द आणि शब्दाने कोणी मरत नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरलेली नाही.

कायद्याची कसोटी

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले आहे, आणि ते सर्वसाधारण समजुतीपेक्षा बारकाईने पाहिले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांसमक्ष, हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरविला. त्यावर, ‘आम्ही तर जातीचे नावच उच्चारले, शिवी कुठे दिली?’ असा बचाव केला जात असे. २००८ साली एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शब्दाचा कोशातील अर्थ काय, हे न पाहता लोकव्यवहारात तो कशासाठी वापरला जातो, हे पाहिले पाहिजे. जातीचे नावही हिणविण्यासाठी उच्चारले तर तो अपमानच होय. रोजच्या विनोदालाही हाच न्याय लागू पडतो. ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही. ऐकणाऱ्याच्या आयुष्यात त्या शब्दाने आजवर काय केले, हेही विचारात घ्यावे लागते.

जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्धच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले. एक विनोद अपंगाला कमी लेखतो, त्याच्या उणिवेलाच हसण्याचा विषय करतो. दुसरा अपंगत्वाविषयीचे रूढ समज हलवितो आणि ते जीवन समजून घ्यायला मदत करतो. पहिला माणसाला अधिक पंगू करतो, दुसरा त्याला जवळ आणतो. न्यायालयाने विनोदावर बंदी घातली नाही. तो कोणत्या दिशेने जातो, ते पाहायला सांगितले. आणि अपंगांविषयीच्या चित्रणात त्यांचा स्वतःचा सहभाग असला पाहिजे, यावर भर दिला. वासरात लंगडी गाय शहाणी, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशा म्हणी सहज वापरणाऱ्या भाषेला ही दिशा तपासून पाहण्याजोगी आहे. म्हणींची होळी करावी, असा याचा अर्थ नाही. समोर आंधळा माणूस बसला असता ती म्हण ओठांवर अडखळावी, एवढाच आहे.

एका व्यंगचित्राचा धडा

हसण्याचा हक्क आणि दुखावले जाण्याचा हक्क यांचा सर्वांत कठीण प्रसंग २०१२ साली उद्भवला. राज्यशास्त्राच्या अकरावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना तयार व्हायला लागणाऱ्या विलंबावर ते होते. गोगलगायीवर आंबेडकर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. ११ मे २०१२ रोजी संसदेत त्यावरून गदारोळ झाला, सरकारने ते चित्र काढण्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला.

ती मोडतोड समर्थनीय नव्हती. सारे आयुष्य वादविवादात आणि ग्रंथात घालविलेल्या महापुरुषाच्या नावाने एका अभ्यासकाची खोली फोडणे, हा त्या वारशाचा सन्मान नव्हे. पण चित्राच्या समर्थकांचा युक्तिवादही अपुरा होता. १९४९ च्या वाचकाला ते चित्र एका मंत्र्यावरील टीका वाटले असेल. २०१२ च्या वर्गात, चाळीस मुलांमध्ये एकट्या बसलेल्या दलित मुलाला, बाकीच्यांचे हसू कशावर आहे, हे निराळे वाटू शकते. २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर यांनी ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात १९३२ ते १९४८ या काळातील आंबेडकरांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र केली. वृत्तपत्रांच्या नामवंत चित्रकारांनी त्यांना किती वेळा ठेंगणे, किती वेळा हट्टी पोर, किती वेळा हास्यास्पद दाखविले, हे एकेका चित्रात जाणवत नाही; सगळी ओळीने पाहिली की जाणवते. या पुस्तकाने चित्रे लपविली नाहीत. ती पुन्हा छापली आणि प्रत्येकीला उत्तर दिले. कार्यालय फोडणाऱ्यांना जे साधले नाही, ते एका दलित व्यंगचित्रकाराच्या अभ्यासाने साधले.

अशा प्रसंगी हसण्याचा हक्क कोणाला आहे, एवढेच विचारून भागत नाही. ज्याच्यावर हसले जाते त्याला उत्तर देण्याची जागा त्याच खोलीत, त्याच वृत्तपत्रात, त्याच वर्गात आहे का, हेही विचारावे लागते. गायकवाडांना सभागृहात ती जागा होती, कारण ते निवडून आलेले सदस्य होते. फुल्यांनी रंगभूमीवर विदूषकासाठी ती जागा मागितली आणि कमिटीने नाकारली. ‘सरकारचे जावई’ ऐकून हसणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला ती आजही बहुधा मिळत नाही. जेथे उत्तर देता येते, तेथे थट्टा हा संवादाचाच एक प्रकार होतो. जेथे देता येत नाही, तेथे ती शिक्षा होते.

न्यायाची भाषा बोलणाऱ्यांनीही यातून काही घ्यावे. परिपत्रकातील शब्द पाठ म्हणून दाखविणे म्हणजे समता नव्हे, आणि चुकीचा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरविणे म्हणजे प्रबोधन नव्हे. खेड्यातील एखादी म्हातारी जुनाच शब्द वापरील आणि तरीही शेजारच्या वस्तीतील बाळंतिणीसाठी मध्यरात्री उठून जाईल. शहरातला सुशिक्षित माणूस एकही शब्द चुकू न देता भाड्याच्या घरासाठी आलेल्याचे आडनाव आधी विचारील. या दोघांपैकी कोणाला आधी सुधारायचे, हे चळवळीने ठरवायचे आहे. ज्या चळवळीला स्वतःवरचा विनोद सोसत नाही, तिचे हळूहळू खाते होते आणि मग तिलाही सरकारसारखेच फक्त शब्द बदलता येतात.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या हातात यातले पुष्कळ आहे. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकाने ‘ण’ जरूर शिकवावा. पण आधी त्याला त्याच्या बोलीतली एखादी गोष्ट सांगायला लावावी आणि ती ऐकून वर्गाने हसावे. ते हसू मुलाने पिकविलेले असेल. त्यानंतर तो ‘पाणी’ म्हणायला फार दिवस लावणार नाही.